नववा आला, चहा टाक

इरा, नील,

गेल्या रविवारी इरा फोनवर रडली, म्हणून हे लिहायला बसले आहे. शाळेच्या सॉफ्टबॉल संघात निवड झाली हे सांगायला तू फोन केला होतास, आणि बोलता बोलता कळलं, की कोचने तुला फलंदाजीत नवव्या क्रमांकावर ठेवलं आहे. नऊ जणींत नववी. मी विचारलं, "का ठेवलं, ते विचारलंस का?" तू म्हणालीस, "आजी, कोचला असं विचारत नाहीत." यावर मला जे सांगायचं होतं ते फोनवर मावणारं नव्हतं. मला कुठलीही गोष्ट पहिल्यापासून आणि ओळीने सांगायची सवय आहे, आणि तुम्ही दोघं फोनवर फार वेळ एका जागी बसत नाही. तेव्हा तुमच्या बाबाने हे वाचून दाखवावं. मध्ये स्वतःचं काही घालू नये.

जगात कुठेही नऊ माणसं एका ओळीत उभी असली, की ती चुकीच्या क्रमाने उभी आहेत, असं मनापासून वाटणारे एकच गृहस्थ मला आयुष्यात भेटले. ते तुमच्या आजोबांचे हार्बरफ्रंटच्या ऑफिसातले मित्र. दोघंही जहाजांच्या इंजिनांची कामं बघायचे आणि बुकित तिमाहच्या आमच्या काँडोत समोरच्याच ब्लॉकमध्ये ते राहायचे. मी त्यांना भाऊजी म्हणायची, ते मला वहिनी म्हणायचे. अंगाने किरकोळ, भांग पट्टीने पाडल्यासारखा, खिशाला दोन पेनं. बघणाऱ्याला वाटावं, हे पोस्टातून निवृत्त झाले असतील. हा माणूस रोज सकाळी अमेरिकेतल्या एका बेसबॉल संघाची चिंता वाहतो, असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. स्वतः त्यांनी बॅट कधी हातात धरली नव्हती. नील, तू दोन वर्षांचा असताना त्यांच्याकडे एक रबरी चेंडू फेकला होतास. ते दोन्ही हातांनी चष्मा धरून खाली बसले, आणि मग बसल्या बसल्या म्हणाले, "हात चांगला आहे. ह्याला डावीकडे उभा करा."

हे वेड त्यांना तरुणपणी लागलं. कंपनीने त्यांना एका उन्हाळ्यात इंजिनांच्या शिक्षणासाठी अमेरिकेत, तलावाकाठच्या एका शहरात पाठवलं होतं. घरमालक एकटा म्हातारा होता. तो एरवी तोंड उघडत नसे, पण संध्याकाळी ह्यांना मैदानावर घेऊन जायचा आणि पहिला कोण हवा, चौथा कोण हवा, एवढंच बोलायचा. भाऊजींना तेव्हा इंग्रजी बोलायची भीती वाटायची. नऊ नावं आणि नऊ आकडे एवढ्या भांडवलावर एका माणसाशी रोज गप्पा मारता येतात, हा शोध त्यांना इतका आवडला, की परत आल्यावरही त्यांनी तो संघ सोडला नाही. संघ मात्र वर्षानुवर्षं हरत होता. भाऊजींच्या मते संघात काही खोट नव्हती. क्रम चुकत होता.

खेळाडूंची खरी नावं ते घेत नसत. अमेरिकन नावं तोंडात बसत नाहीत म्हणून त्यांनी सगळ्यांची घरगुती नावं ठेवली होती. चेंडू टाकण्याआधी टोपी, पट्टा, नाक असं सगळं चाचपून बघणारा गोलंदाज म्हणजे 'मुहूर्तवाले गुरुजी'. 'होम प्लेट', म्हणजे घराच्या पाटीमागे उकिडवा बसून येईल तो चेंडू झेलणारा म्हणजे 'घरजावई'. पुढे कुणी धावायला नसलं की उत्तुंग फटके मारणारा आणि तिघंजण धावायला टपलेले असले की हमखास बाद होणारा एक दाढीवाला होता, त्याला ते 'एकांतप्रिय' म्हणायचे. "एकांतप्रियाला तिसरा पाठवतात, वहिनी," असं ते लिफ्टमध्ये मला सांगायचे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं दुःख असायचं की लिफ्टमधले इतर लोक माझ्याकडे सहानुभूतीने बघत.

तिकडे संध्याकाळ झाली की आपल्याकडे सकाळ होते, त्यामुळे सामने ऐन ऑफिसच्या वेळेला असायचे. तुमचे आजोबा आणि ते एकत्र एमआरटीने जायचे. आजोबा क्रिकेटवाले. गाडीत पेपर उघडून स्वस्थ बसायचे. शेजारी भाऊजी फोनवर सामना बघत कण्हायचे. एकदा संघाच्या मॅनेजरने बरा चाललेला गोलंदाज काढून दुसरा आणला, तेव्हा भाऊजी छातीवर हात ठेवून "संपलं" म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. समोरच्या चिनी बाईंनी ताडकन उठून "अंकल, यू सिट, लाह," असं म्हणत त्यांना बसायला लावलं. ते बसलेलेच होते, पण आणखी सरकून बसले. मग बाईंनी पर्समधून वासाच्या तेलाची बाटली काढून त्यांच्या कानशिलांना तेल लावलं. ऑफिसला पोचेपर्यंत त्यांनी ते पुसलं नाही. म्हणाले, "परदेशी माणसालासुद्धा कळलं. फक्त त्या मॅनेजरला कळत नाही."

आम्ही चौघं, म्हणजे ते दोघं आणि आम्ही दोघं, शनिवारी खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरला जेवायला जायचो. तिथेही क्रम होता. पहिला माणूस असा हवा जो काहीही करून जागा मिळवतो. ती मी. टिश्यूपेपरचं पाकीट टेबलावर टाकून जागा धरायचा इथला रिवाज मला चांगला जमतो. दुसरा असा हवा जो चुका करत नाही, म्हणून खायला काय घ्यायचं ते आजोबा सांगणार. तिसरा सगळ्यांत भरवशाचा, म्हणून थाळ्या आणायला त्यांची बायको निर्मला. आणि चौथा, मागे जे काही उरलं असेल ते साफ करणारा. तो मान त्यांचा. त्या किरकोळ देहात ते सगळं कुठे जायचं देव जाणे, पण चौथ्या क्रमांकाची जबाबदारी त्यांनी कधी टाळली नाही.

खेळाडूंच्या अदलाबदलीचे दिवस आले की ते घरात असून नसल्यासारखे असायचे. ज्या वर्षी संघाने घरजावयाला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं त्या दिवशी ते दाढी न करता ऑफिसला गेले. आजोबांना म्हणाले, "तीन पोरं घेतली आणि एक माणूस दिला." आजोबा म्हणाले, "अरे, तुला काय, त्याला तू ओळखतोस का?" त्यावर ते आठवडाभर आजोबांशी फक्त कामापुरतं बोलले. पण तत्त्व म्हणून अदलाबदल त्यांना मान्य होती. आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाच्या बैठकीत त्यांनी एकदा अगदी गंभीरपणे सुचवलं, की शेजारच्या गुजराती मंडळींना आपले सजावटवाले कुलकर्णी द्यावेत आणि त्यांच्याकडून ध्वनिक्षेपक आणि दोन उमेदीचे स्वयंसेवक घ्यावेत. कुलकर्णी समोरच बसले होते. "तुमची किंमत आत्ता चांगली येईल, पुढच्या वर्षी येणार नाही," असं भाऊजींनी त्यांना समजावलं. त्यात त्यांना कुणाला दुखवायचं नव्हतं. क्रम लावताना माणसाला काही वाटतं, हे त्यांच्या ध्यानातच येत नसे. मैदानावरच्या नऊ जणांनी त्यांच्याकडे कधी तक्रार केली नव्हती.

आता निर्मलाबद्दल. ही भाऊजींची बायको, माझी मैत्रीण. पुण्याला लग्नाआधी बरीच वर्षं गाणं शिकलेली. आवाज मोठा नव्हता, पण वरच्या सुरांवर गेला की अशा निवांतपणे तिथे राहायचा, की ऐकणाऱ्याचाही श्वास लांब होत असे. मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमाची सुरुवात दर वर्षी तिच्या गाण्याने व्हायची. बेसबॉलमध्ये तिला काही गोडी आहे असं कधी दिसलं नाही. टीव्हीवर सामना चालू असायचा आणि ती तिथेच जेवणाच्या टेबलाशी भाजी निवडत बसायची. भाऊजी टीव्हीशी बोलायचे, ती मेथीशी. सामन्यात तिचं काम एकच होतं. नववा फलंदाज मैदानात आला की भाऊजी म्हणायचे, "निर्मला, नववा आला, चहा टाक." कारण नववा म्हणजे सगळ्यांत कच्चा. कुणीतरी उभं राहायला हवं म्हणून उभा केलेला. त्याच्याकडे बघत बसण्यात अर्थ नाही, तेवढ्यात चहा होतो. आम्ही त्यांच्याकडे सकाळी गेलो की हे वाक्य ऐकायचो. आजोबांना ते इतकं आवडलं होतं, की आमच्या घरीही टीव्हीवर कुणी कंटाळवाणं बोलायला लागलं की ते म्हणायचे, "नववा आला."

आता सांगते ते झालं दोन हजार दहाच्या दशकाच्या मध्यावर. त्या वर्षी पावसाळी ढगांच्या एका सकाळी बोटॅनिक गार्डन्समध्ये फिरताना निर्मलाने मला सांगितलं, की तिच्या गळ्यातल्या थायरॉइडच्या गाठीचं ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलं आहे. गाठ साधी होती, जिवाची काळजी नव्हती. बोलणं नीट राहील, असं डॉक्टर म्हणाले होते. गाण्याचं विचारल्यावर मात्र वरच्या सुरांची खात्री देता येणार नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं होतं. "या दिवाळीला गाऊन घेते," निर्मला म्हणाली. "मंडळात कुणाला सांगू नकोस. मग लोक गाणं ऐकत नाहीत, गळा बघतात." मी कुणाला सांगितलं नाही. भाऊजींना अर्थातच माहीत होतं.

त्याच वर्षी कार्यक्रमाचा क्रम लावण्याचं काम त्यांच्याकडे आलं. आधी ते बघणारे गृहस्थ बदली होऊन दुबईला गेले होते. भाऊजींना आयुष्यात प्रथमच खरी नऊ माणसं मिळाली. त्यांनी जी मेहनत घेतली ती मी पाहिली आहे. कोणाचा आवाज कधी तापतो, कोणाला लवकर झोपणारी मुलं आहेत, कोणानंतर कोण आलं तर दोघांचंही हसं होणार नाही, हे सगळं ते लोकांना आडून आडून विचारायचे. तालीम आमच्या फ्लॅटवर होती. पेटीवाले, तबलेवाले आणि गाणारे मिळून बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. भाऊजी उभे राहिले आणि त्यांनी क्रम सांगितला. पहिला, वन-नॉर्थला नुकताच नोकरीला लागलेला एक इंजिनीअर, कारण तो घाबरत नाही. चौथी तिथल्याच प्रयोगशाळेत संशोधन करणारी नागपूरची मुलगी, कारण तिचा आवाज मागच्या रांगेपर्यंत जातो. प्रत्येकाला त्यांनी कारण सांगितलं, आणि ती कारणं इतकी बरोबर होती की लोक माना डोलवत होते. आठव्या गायकापर्यंत ते असे आले. मग म्हणाले, "नववी, निर्मला." आणि खाली बसले. कारण सांगितलं नाही.

निर्मला भिंतीशी बसली होती. ती उठली आणि म्हणाली, "मी चहा टाकते."

कुणाला काहीच वाटलं नाही. चहाची वेळ झालीच होती. मी तिच्यामागे स्वयंपाकघरात गेले. तिला माझ्या घरातलं सगळं माहीत होतं, तरी तिने मला विचारलं, "आलं कुठे ठेवतेस गं?" मी दिलं. ती आलं किसत राहिली. नको इतकं किसलं. त्या दिवशीचा चहा फार तिखट झाला होता.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी तिचा निरोप आला, की घसा बसला आहे, येणं जमणार नाही. मंडळातल्या दोघातिघांनी शेवटी आपण गातो म्हणून सांगितलं, पण भाऊजी ऐकेनात. त्या जागेवर बदली नाही म्हणाले. आठ जणांचं गाणं झालं आणि चांगलं झालं. आठवं गाणं संपल्यावर भाऊजी व्यासपीठावर गेले. निर्मलाच्या पट्टीत लावून ठेवलेला विजेवरचा तंबोरा त्यांनी सुरू केला आणि बाजूला उभे राहिले. लोकांना वाटलं, अजून कुणीतरी यायचं आहे. थोडा वेळ नुसता तंबोरा वाजत राहिला. मग मागे फराळाचे डबे उघडल्याचे आवाज यायला लागले, तेव्हा त्यांनी तो बंद केला.

ऑपरेशन चांगलं झालं. आठवडाभराने निर्मला पूर्वीसारखी बोलायला लागली. गाणं मात्र डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. मधल्या सुरांपर्यंत आवाज जायचा आणि तिथून वर जाताना नुसती हवा निघायची. तिने त्याचा फार बोभाटा केला नाही. तंबोरा कपाटावर ठेवून दिला, इतकंच.

एप्रिलमध्ये बेसबॉल पुन्हा सुरू झालं. अशाच एका शनिवारी, दुपारच्या उन्हात, भाऊजी आमच्या दारात उभे. आत आले ते चपला घालूनच. असं त्यांनी कधी केलं नव्हतं. बसले आणि मला म्हणाले, "वहिनी, मैफिलीत शेवटी कोण बसतं?"

मी म्हटलं, "जो सगळ्यांत मोठा असेल तो. भैरवी त्याची."

"मग मी काय वेगळं केलं?" ते म्हणाले.

सकाळी सामना बघताना नववा फलंदाज आला आणि सवयीने त्यांच्या तोंडून ते वाक्य गेलं होतं. निर्मला उठता उठता म्हणाली होती, "टाकते. मी नववीच ना." आणि मग तालमीच्या दिवसापासून मनात ठेवलेलं तिने चार शब्दांत सांगितलं होतं. शेवटचं गाणं गायला मिळणार होतं आणि त्यांनी तिला अशा जागी ठेवलं, जिथे लोक चहाला उठतात.

भाऊजींना ते अजून उलगडत नव्हतं. भैरवी शेवटी असते, तिच्यानंतर कुणी गात नाही, तिचा सूर लोकांनी कानात घेऊन घरी जायचं असतं, हे सगळं ते लग्नानंतर निर्मलाकडूनच शिकले होते. ऑपरेशनच्या आधीची दिवाळी, म्हणून तिची भैरवी व्हावी आणि नंतर कुणाचाही आवाज होऊ नये, एवढ्यासाठी त्यांनी बाकीचा सगळा क्रम रचला होता. पहिले आठ जण तिच्यासाठी होते.

आजोबांनी विचारलं, "अरे, पण तिला सांगितलं होतंस का हे?"

"तिला काय सांगायचं? गाणारी ती आहे. शेवटी कोण असतं हे मी तिच्याकडून शिकलो."

मी म्हटलं, "भाऊजी, आणि नववा कोण असतो, हे ती तुमच्याकडून शिकली."

त्यांच्या बायकोने तीस वर्षं मेथी निवडता निवडता त्यांचा प्रत्येक शब्द ऐकला होता, हे त्यांना त्या क्षणी कळलं. मग त्यांचं लक्ष पायांतल्या चपलांकडे गेलं. उठून दाराबाहेर गेले, चपला काढून ठेवल्या आणि परत आत येऊन बसले.

त्याच संध्याकाळी त्यांनी निर्मलाला सगळं सांगितलं. ती चिडली नाही. फक्त म्हणाली, "अहो, हे तेव्हा सांगायचं होतंत." तिने मला हे सांगितलं तेव्हा ती हसत होती. त्यांना वाटलं तिला कळेल, तिला वाटलं आपल्याला कळलं. एवढ्याशा गैरसमजाला एरवी कितीही वेळ मिळाला असता. त्या वर्षी तेवढा वेळ नव्हता.

त्यानंतर "नववा आला" हे शब्द त्यांनी उच्चारलेले मी ऐकले नाहीत. आजोबांनीही ते बंद केले, न ठरवता. नववा फलंदाज आला की भाऊजी पाय खाली घेऊन सरळ बसायचे आणि तो बाद होईपर्यंत डोळा हलवत नसत. तो बहुतेक वेळा लगेच बाद व्हायचा. मंडळाने पुढच्या वर्षी क्रम लावायला पुन्हा त्यांनाच विचारलं, तर ते म्हणाले, "दुसऱ्या कुणालातरी बघा. मला फक्त तिकडची माणसं कळतात."

दशक संपता संपता त्यांची नोकरी संपली आणि ते दोघं पुण्याला परत गेले. इथल्या हॉकर सेंटरला आम्ही आता दोघंच जातो. मी टिश्यूपेपर टाकून जागा धरते आणि आजोबा काय घ्यायचं ते सांगतात. पुढचे दोन क्रमांक रिकामे राहतात, आणि अन्न उरतं.

तेव्हा इरा, कोचला विचार. कदाचित तू खरंच कच्ची असशील. तसं असेल तर तेही कळलेलं बरं, सराव करता येईल. पण त्या कोचबाईंच्या मनात काय आहे ते तुझं तू ठरवू नकोस.

मागच्या हिवाळ्यात आम्ही पुण्याला त्यांच्याकडे राहून आलो. त्यांच्या संघाचे सामने त्या दिवसांत नसतात, म्हणून भाऊजी जुने सामने लावून बघतात. निकाल माहीत असूनही मॅनेजर चुकतोच आहे. एक गोष्ट मात्र बदलली आहे. पूर्वी समालोचनातला एक शब्द चुकला तर ते तळमळायचे, आता टीव्हीचा आवाज पूर्ण बंद असतो. मला वाटलं, कान गेले असतील. तसं नाही. टेबलाशी निर्मला भाजी निवडत बसते आणि निवडता निवडता गुणगुणते. वर जात नाही, खालीच फिरते. भाऊजी चित्राकडे बघतात आणि तिला ऐकतात. तिचा खालचा षड्ज अजून होता तसाच आहे.